शेजाऱ्याने जागे केलेले संगणक

२००५ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. नाशिकला पंचवटीतल्या एका शाळेत अठरा संगणक येऊन पडले होते. एका कार्यालयाने जुने झाले म्हणून काढलेले आणि भंगारात घालण्यापेक्षा मुलांना द्यावेत म्हणून शाळेला दिलेले. देताना आपली माहिती बाहेर जाऊ नये यासाठी कार्यालयाने प्रत्येकाची हार्ड डिस्क मात्र काढून घेतली होती. असा संगणक बटण दाबले की पंखा फिरवतो, पडद्यावर चार ओळी उमटवतो आणि 'सुरू करण्यासाठी काही सापडत नाही' असे सांगून गप्प बसतो. अठरा नव्या डिस्क घेण्याइतके पैसे शाळेकडे नव्हते.

मी तेव्हा पीएच.डी.चे काम करत होतो आणि सुटीला घरी आलो होतो. मुख्याध्यापिकाबाईंनी मला सातवीत विज्ञान शिकवलेले, त्यामुळे त्यांचे बोलावणे आले ते हुकूम म्हणूनच. "हे बघ, शाळा उघडेपर्यंत चालू झाले तर ठेवू. नाहीतर भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. मला ती खोली आठवीच्या जादा तुकडीला हवी आहे," बाई म्हणाल्या.

उपाय माहीत होता. एक बऱ्यापैकी संगणक सर्व्हर म्हणून ठेवायचा. त्यात डिस्क असते. बाकीच्या अठरांनी बटण दाबताच तारेवरून त्याच्याकडे हाक मारायची, आपली ऑपरेटिंग सिस्टिम मागून घ्यायची आणि तिच्यावर चालायचे. लिनक्स फुकट मिळते, त्यामुळे खर्च फक्त तारांचा. आठ दिवस खपून सगळे जोडले आणि बटणे दाबली. नऊ संगणक सुरू झाले. नऊ झाले नाहीत.

ते कसे अडले हे नीट सांगायला हवे, कारण गंमत तिथेच आहे. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. (बदाम फोडल्यावर आत जो गर निघतो त्यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे, फौजेतल्या कर्नलशी त्याचा उच्चारापलीकडे संबंध नाही.) अडलेल्या नऊही संगणकांनी सर्व्हरला हाक मारली, सर्व्हरकडून कर्नल आणला, तो चालू झाला, त्याच्या पन्नास-साठ ओळी पडद्यावरून सरकल्या. मग तो म्हणाला, मला नेटवर्कवरून पत्ता मिळत नाही. आणि शेवटची ओळ आली ती अशा अर्थाची की पहिलाच प्रोग्रॅम मारला जात आहे, सबब कर्नल घाबरून थांबत आहे. 'पॅनिक' हाच शब्द असतो तिथे.

ज्या तारेवरून तो स्वतः आला, तीच तार त्याला सापडेना! होडीतून उतरलेल्या माणसाने किनाऱ्यावर उभे राहून 'इथे नदीच नाही' म्हणावे तसे हे होते. हे कोडे सोडवायला मला तीन दिवस लागले. त्याचे उत्तर सांगण्याआधी संगणक मुळात 'उठतो' कसा याचा इतिहास पाहायला हवा, कारण दोष त्या इतिहासाच्या दोन थरांमधल्या फटीत लपला होता.

संगणक प्रोग्रॅमवाचून काही करू शकत नाही, आणि प्रोग्रॅम स्मृतीत आणून ठेवणे हेही एक कामच आहे. म्हणजे त्यासाठीही प्रोग्रॅम हवा. कोंबडी आणि अंड्याचाच हा प्रश्न. स्वतःच्या बुटाचे बंद ओढून स्वतःलाच वर उचलण्याच्या इंग्रजी कल्पनेवरून या क्रियेला 'बूटस्ट्रॅप' आणि पुढे नुसते 'बूट' हे नाव पडले. १९६५ साली बाजारात आलेल्या पीडीपी-८ या लहान संगणकावर सुरुवातीला हे काम माणूस करत असे. यंत्राच्या तोंडावर खटक्यांची रांग असे. खटके वर-खाली करून एकेक आज्ञा हाताने स्मृतीत घालायची. सोळा-सतरा आज्ञांचा तो चिमुकला प्रोग्रॅम इतकेच करी की कागदी फितीवरून थोडा मोठा प्रोग्रॅम वाचून घेई, आणि तो मग उरलेला सगळा. एक खटका चुकला की यंत्र गप्प. का गप्प, हे सांगणारे कोणी नाही, कारण सांगायलाही प्रोग्रॅम लागतो.

हा मुद्दा धरून ठेवावा. चालू संगणकात बिघाड झाला तर तो निदान तक्रार करतो. उठतानाच पडलेल्या संगणकाला तक्रार करायची वाचाच फुटलेली नसते. म्हणून या क्षेत्रातल्या लोकांनी पुढची पन्नास वर्षे एकाच गोष्टीसाठी नाना युक्त्या केल्या: मुक्या यंत्राने मरता मरता एखादे तरी अक्षर बोलावे. नव्वदच्या दशकात लिनक्स चालू करणारा 'लिलो' नावाचा प्रोग्रॅम आपल्या नावाची चार इंग्रजी अक्षरे एकदम लिहीत नसे. एकेक टप्पा पार पडला की एकेक अक्षर लिही. पडद्यावर पहिलेच अक्षर दिसून यंत्र थांबले तर दुसरा टप्पा डिस्कवरून आणता आला नाही. दोन अक्षरांवर थांबले तर आणता आला, पण चालवता आला नाही. चारही अक्षरे आली की सारे ठीक. नाव हेच दोषदर्शक! मला संगणकशास्त्रातल्या फार थोड्या कल्पना याच्याइतक्या आवडतात. लिनक्सचा कर्नल घाबरून थांबतो तेव्हा कीबोर्डावरचे छोटे दिवे लुकलुकवतो, तीही याच घराण्यातली युक्ती. पडदा काळा पडला असला तरी दिवे सांगतात की मी हरवलो नाही, मी जाणूनबुजून थांबलो आहे.

आता तारेकडे वळू. १९८० च्या सुमारास हार्ड डिस्क फार महाग होत्या. विद्यापीठांत आणि नव्या कंपन्यांत लोकांना वाटू लागले की प्रत्येक टेबलावर डिस्क कशाला? एका यंत्रात मोठी डिस्क ठेवावी आणि बाकीच्यांनी तिथून आपापले सामान न्यावे. पण नुकत्याच जाग्या झालेल्या यंत्राला स्वतःचा नेटवर्कवरचा पत्ताही ठाऊक नसतो. त्याला फक्त त्याच्या कार्डावर कारखान्यातच कोरलेला क्रमांक माहीत असतो. म्हणून ते सगळ्यांना ऐकू जाईल अशी आरोळी ठोकते: "माझा क्रमांक अमुक, माझा पत्ता काय?" या आरोळीची रीत १९८४ साली स्टॅनफर्डच्या मंडळींनी लिहून काढली. १९८५ साली बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी तिची सुधारलेली आवृत्ती 'बूटपी' मांडली. तीत पत्त्याबरोबरच 'तुझी फाइल अमक्या सर्व्हरवर आहे' हेही उत्तरात येते. १९९३ पासूनची डीएचसीपी ही तिचीच वारस, आणि आज आपला फोन घरच्या वायफायला जोडला जातो तेव्हा हीच आरोळी ठोकतो.

पत्ता मिळाल्यावर फाइल आणायची. त्यासाठी टीएफटीपी नावाची अगदी साधी रीत आहे. एमआयटीतल्या कॅरन सोलिन्स यांनी १९८१ साली ती नेटकी लिहिली. ती साधी असण्याचे कारण जागेचे: सगळा प्रोग्रॅम कार्डावरच्या चिमूटभर रॉममध्ये मावायला हवा होता. फाइलीचे ५१२ बाइटांचे तुकडे करायचे, त्यांना क्रमांक द्यायचे. सर्व्हर एक तुकडा पाठवतो, घेणारा 'तुकडा क्रमांक अमुक पोचला' अशी पोच देतो, मग पुढचा तुकडा. ठरावीक वेळात पोच आली नाही तर तोच तुकडा पुन्हा पाठवायचा. शेवटचा तुकडा ५१२ पेक्षा लहान असतो, त्यावरून फाइल संपली हे कळते. एक मेगाबाइटच्या कर्नलला असे २०४८ तुकडे लागतात.

इतक्या साध्या व्यवहारात काय चुकणार? चुकले, आणि ते वर्गात करून दाखवण्यासारखे आहे. दोन विद्यार्थी समोरासमोर बसवा. एक सर्व्हर, दुसरा ग्राहक. मध्ये एक तिसरा निरोप्या. सर्व्हर १, २, ३ अशा क्रमांकाच्या चिठ्ठ्या पाठवतो, ग्राहक प्रत्येकाची पोच पाठवतो. नियम दोनच. पोच आली की पुढची चिठ्ठी पाठवा. चिठ्ठी आली की पोच द्या, पुन्हा तीच आली तरी पुन्हा द्या. आता निरोप्याला सांगा की पाचव्या चिठ्ठीची पोच हरवू नकोस, फक्त जरा उशिरा दे. सर्व्हरला वाटते पोच हरवली. तो पाचवी चिठ्ठी पुन्हा पाठवतो. तेवढ्यात पहिली पोच येते, म्हणून तो सहावी पाठवतो. मग दुसऱ्यांदा गेलेल्या पाचवीचीही पोच येते, म्हणून पुन्हा सहावी. ग्राहकाला दोन सहाव्या मिळतात, तो दोन पोचा देतो, त्यांच्यामुळे दोन सातव्या निघतात. एकदा झालेला उशीर संपला, पण दुप्पट वाहतूक शेवटपर्यंत संपत नाही. अजून एकदा उशीर झाला तर तिप्पट. रक्तबीजाच्या रक्ताच्या थेंबातून नवा रक्तबीज उभा राहावा तसे. पाश्चात्त्यांनी या दोषाला त्यांच्याकडच्या गोष्टीवरून 'जादूगाराच्या शिष्याचा विकार' असे नाव दिले. त्या गोष्टीत शिष्याने मंतरलेला झाडू पाणी भरतच राहतो, आणि मोडला तर त्याचे दोन होतात.

या दोषाचा लबाडपणा असा की फाइल बरोबरच पोचते. फक्त सावकाश. ज्या चुकीचे उत्तर बरोबर येते ती चूक कोण शोधणार? इंटरनेटच्या नियमांत १९८९ साली स्पष्ट लिहावे लागले की जुनी पोच पुन्हा आली तर सर्व्हरने गप्प राहावे. पुन्हा पाठवायचे ते घड्याळ सांगेल तेव्हाच. वर्गातल्या खेळात हा एक नियम बदलून पाहा, रक्तबीज तिथल्या तिथे मरतो.

शेजाऱ्याने शेजाऱ्याला जागे करण्याची याहून सुंदर रीत मला माहीत आहे ती मात्र कार्यालयातल्या संगणकांची नाही. ती पुण्यात, गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात उभ्या राहिलेल्या यंत्राची आहे. महासंगणकाच्या खरेदीत अमेरिकेकडून अडवणूक झाली तेव्हा १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तीन वर्षांत महासंगणक उभा करण्याचे काम तिने अंगावर घेतले. १९९१ च्या जुलैत परम ८००० जगासमोर आला. हा सगळा इतिहास मराठी वाचकांनी पुष्कळदा वाचला आहे, त्यामुळे तो इथे आवरता घेतो. त्या यंत्राच्या आतल्या एका गोष्टीबद्दल मात्र मराठीत फारसे वाचल्याचे मला आठवत नाही.

परम ८००० मध्ये एकच एक बलाढ्य प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्युटर नावाचे, ब्रिटनमधल्या इनमॉस कंपनीचे, टी ८०० घराण्यातले पुष्कळ लहान प्रोसेसर एकमेकांना जोडून तो केला होता. ६४ प्रोसेसरांची रचना विशेष ओळखीची आहे. प्रत्येक ट्रान्सप्युटरला चार 'दुवे' असत, म्हणजे शेजाऱ्यांशी बोलण्याच्या चार तारा, आणि पोटात ४ किलोबाइट स्मृती. प्रत्येकाजवळ स्वतःची डिस्क असण्याचा प्रश्नच नव्हता. मग चौसष्ट जण उठायचे कसे?

ट्रान्सप्युटरच्या एका पायावर विद्युतदाब ठेवून त्याला सांगता येई की रॉममधून ऊठ किंवा दुव्यावरून ऊठ. दुव्यावरून उठायचे असेल तर तो काहीही न करता चारही दुव्यांना कान लावून बसे. कोणत्याही दुव्यावरून पहिला बाइट आला की त्याच्या किमतीवरून काय करायचे ते ठरे. किंमत २ किंवा जास्त असेल तर तितके बाइट मोजून घ्यायचे, स्मृतीत ठेवायचे आणि ते चालवायला लागायचे. बाइटाची कमाल किंमत २५५, म्हणजे पहिला प्रोग्रॅम जास्तीत जास्त २५५ बाइटांचा. पीडीपी-८ वर माणूस खटक्यांनी जे भरी, तेच इथे शेजारी भरतो! तो चिमुकला प्रोग्रॅम मग मोठा प्रोग्रॅम मागून घेतो आणि स्वतः आपल्या उरलेल्या शेजाऱ्यांना उठवायला लागतो. यजमान संगणक पहिल्याला उठवतो, पहिला तिघांना, ते तिघे नऊ जणांना, ते नऊ सत्तावीस जणांना. इथवर चाळीस झाले. प्रत्येक दुवा नव्याच शेजाऱ्याकडे जात असेल तर पाचव्या पायरीला चौसष्ट पुरे होतात. गुणोत्तर श्रेढी शिकवताना हे उदाहरण वापरायला हरकत नाही.

पण ट्रान्सप्युटर रचणाऱ्यांचे शहाणपण मला दिसते ते ० आणि १ या किमतींच्या वापरात. पहिला बाइट १ आला तर त्याचा अर्थ 'डोकाव': त्यामागून एक पत्ता येतो, आणि स्मृतीत त्या पत्त्यावर जे असेल ते ट्रान्सप्युटर त्याच दुव्यावरून परत पाठवतो. ० आला तर अर्थ 'ठेव': पत्ता आणि त्यावर लिहायची किंमत येते, ती तो लिहून घेतो. यासाठी त्याच्यावर कोणताही प्रोग्रॅम चालू असावा लागत नाही. म्हणजे जो अजून उठलेलाच नाही, त्यालाही शेजारी विचारू शकतो: ऐकू येते का? अमुक ठिकाणी ४२ लिही. आता तिथे काय आहे ते सांग. ४२ आले तर दुवा आणि स्मृती ठीक. काहीच आले नाही तर दोष याच्यात किंवा मधल्या तारेत. ट्रान्सप्युटरच्या जाळ्यांत याच आधारावर 'किडा' म्हणवला जाणारा प्रोग्रॅम सोडत. तो एका प्रोसेसरात शिरे, त्याचे शेजारी तपासी, जे जिवंत असतील त्यांच्यात आपली प्रत सोडी आणि शेवटी सबंध जाळ्याचा नकाशा यजमानाकडे परत येई. कोणता दुवा मेलेला आहे ते त्यात दिसे.

चालता चालता कोसळलेल्यासाठीही सोय होती. 'विश्लेषण' नावाच्या पायावर संकेत दिला की ट्रान्सप्युटर थांबे, पण स्मृती पुसली जात नसे. मग शेजाऱ्याने 'डोकाव'च्या बाइटांनी एकेक घर वाचून काढायचे. शवविच्छेदनच ते, फक्त शव स्वतः उत्तरे देत असे. यंत्र बनवतानाच, ते अजून एकदाही बिघडलेले नसताना, 'हे बिघडेल तेव्हा त्याला प्रश्न कसे विचारायचे' याचा विचार इतक्या खोलवर केल्याची उदाहरणे थोडी आहेत. ट्रान्सप्युटरचे घराणे पुढे चालले नाही. त्याच्यापेक्षा वेगवान आणि स्वस्त प्रोसेसर आले आणि परमच्या पुढच्या पिढ्याही त्यांच्याकडे वळल्या. शाळेतल्या माझ्या अडलेल्या संगणकांकडे 'डोकाव'चा बाइट नव्हता, याचे मला त्या मे महिन्यात फार वाईट वाटत होते.

तर पुन्हा पंचवटीत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इंटेलने पीएक्सई नावाची रीत आणली आणि जवळजवळ प्रत्येक नेटवर्क कार्डात तारेवरून उठण्याची सोय आली. आमच्या अठरांतही ती होती. पण इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. कार्डावरच्या रॉममध्ये कार्ड चालवायचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो पत्ता मिळवतो, टीएफटीपीने कर्नल आणतो आणि त्याच्या हाती कारभार देऊन निघून जातो. कर्नल त्याचे काही ऐकत नाही. तो कार्ड नव्याने शोधतो, शून्यापासून चालू करतो, आणि त्याच्यासोबत आलेला छोटा प्रोग्रॅम पत्ताही नव्याने मागतो. नेटवर्क एकदा नाही, दोनदा उभे राहते; दोन वेगळ्या लोकांनी, वेगळ्या काळात लिहिलेल्या प्रोग्रॅमांकडून. होडीतून उतरलेला माणूस ती होडी सोडून देतो आणि दुसरी बांधायला घेतो, असे म्हणा.

हे माहीत असल्यामुळे माझा पहिला संशय सरळ होता: या नऊ संगणकांच्या कार्डांचा चालक आमच्या कर्नलमध्ये नसावा. असे फार वेळा होते. मी दीड दिवस निरनिराळे चालक घालून कर्नल पुन्हा पुन्हा तयार केला. फरक शून्य. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. त्या वर्षी भारनियमन जोरात होते. अंधाऱ्या खोलीत बसलो असताना शाळेच्या शिपाईमामांनी विचारले, "सर, बंद पडलेले सगळे खिडकीकडचेच कसे?" मी मान वर केली. खरेच, नऊही खिडकीकडच्या रांगेत होते.

वीज आल्यावर मी आणि मामांनी एक चालणारा संगणक उचलून खिडकीकडे नेला आणि तिथला एक बंद इकडे आणला. चालणारा बंद पडला, बंद पडलेला चालू झाला. दोष यंत्राचा नव्हता, बाकाचा होता! जो प्रयोग पहिल्याच तासात करायला हवा होता तो मी दीड दिवसाने केला, तोही दुसऱ्याने विचारले म्हणून. एका वेळी एकच गोष्ट बदला हे मी नववीच्या मुलांना सांगत असे.

दोन रांगांत फरक कोणता? भिंतीकडची रांग एका जुन्या, स्वस्त हबला जोडली होती. खिडकीकडच्या रांगेसाठी एका हितचिंतकाने मोठ्या कार्यालयातून निवृत्त झालेला भारी स्विच दिला होता. महागड्या वस्तूवर संशय घ्यायला मन तयार होत नव्हते. मी नव्या तारा लावून पाहिल्या, तरी तेच.

मग जे ट्रान्सप्युटरवाल्यांना आयते मिळाले होते ते मला बाहेरून करावे लागले. रुग्ण बोलत नसेल तर शेजाऱ्याला विचारावे. सर्व्हरवर येणारी-जाणारी प्रत्येक चिठ्ठी लिहून ठेवणारा प्रोग्रॅम चालू केला आणि खिडकीकडचा एक संगणक उठवला. पहिली आरोळी आली, उत्तर गेले, टीएफटीपीचे तुकडे एकामागून एक गेले, प्रत्येकाची पोच आली. मग कर्नलची पाळी. इकडे पडद्यावर छोटा प्रोग्रॅम सांगत होता: हाक मारली, पुन्हा मारली, तिसऱ्यांदा मारली, उत्तर नाही. आणि सर्व्हरच्या वहीत त्या तीन हाकांपैकी एकही नव्हती. उत्तर चुकले नव्हते. प्रश्नच पोचला नव्हता. पाठवणारा म्हणतो पाठवले, घेणारा म्हणतो आलेच नाही, मध्ये उरला तो स्विच.

स्विचकडे पाहत पुन्हा बटण दाबले. कर्नलने कार्ड नव्याने चालू केले त्या क्षणी त्या तारेसमोरचा हिरवा दिवा विझला आणि पिवळा लागला. घड्याळ लावले. तीस सेकंदांनी तो हिरवा झाला. तोवर कर्नल घाबरून थांबलेला होता. आमचा छोटा प्रोग्रॅम तीन हाका मारून नऊ-दहा सेकंदांतच नाद सोडत होता.

त्या तीस सेकंदांचाही इतिहास आहे. दोन स्विच चुकून दोन तारांनी जोडले गेले तर नेटवर्कमध्ये वर्तुळ तयार होते आणि सगळ्यांसाठी मारलेली आरोळी त्यात गोल गोल फिरत राहून सारे बंद पाडते. १९८५ साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीतल्या रेडिया पर्लमन यांनी यावर उपाय शोधला: स्विचांनी आपापसात बोलून जादा तारा बंद ठेवायच्या, म्हणजे उरते ते झाड, वर्तुळ नाही. नवी तार जिवंत झाली की स्विच आधी १५ सेकंद नुसते ऐकतो, मग १५ सेकंद कोण कुठे आहे ते शिकतो, आणि मगच निरोप पुढे जाऊ देतो. स्विचला जोडण्याची तार असेल तर ही सावधगिरी योग्यच. पण आमच्या कर्नलने कार्ड नव्याने चालू करताना क्षणभर दुवा तुटत होता, आणि स्विचला वाटत होते की ही नवीच तार आहे. रॉममधला प्रोग्रॅम याच अडथळ्यातून पार झाला होता, कारण पीएक्सईच्या नियमानुसार तो पत्त्यासाठी ४, ८, १६ आणि ३२ असे एकूण ६० सेकंद वाट पाहतो. खिडकीकडचे संगणक पहिल्या टप्प्यातही अर्धा मिनिट रेंगाळत होते. मी ते पाहिले होते आणि जुनी यंत्रे म्हणून सोडून दिले होते. स्वस्त हबला हे शहाणपण नव्हतेच. तो आलेली हाक सगळ्यांना ओरडून सांगत असे, त्यामुळे भिंतीकडची रांग सुखात होती.

दोषी कोण? स्विच त्याच्या नियमाप्रमाणे वागला, कर्नल त्याच्या, रॉम तिच्या. छोट्या प्रोग्रॅमला घाई होती असे म्हणता येईल, पण दहा सेकंद ही काही अवाजवी मुदत नव्हे. आणि पडद्यावरची शेवटची ओळ तर चक्क दिशाभूल करणारी होती. पत्ता न मिळाल्याने तो प्रोग्रॅम संपला, तोच पहिला प्रोग्रॅम असल्याने कर्नल घाबरला, आणि पडद्यावर उरले ते घाबरण्याचे शब्द. खरे कारण त्याच्या काही ओळी वर, सेकंदभर दिसून सरकलेले. कर्नलचे बोलणे तारेवरून दुसऱ्या संगणकावर पाठवायचीही एक सोय लिनक्समध्ये आहे. पण तार अजून उभीच राहिलेली नसताना तिचा काय उपयोग, हे वेगळे सांगायला नको.

'हे टोक संगणकाचे आहे, इथे थांबू नकोस' असे स्विचला सांगता येते, पण त्याचा परवलीचा शब्द कोणालाच माहीत नव्हता. म्हणून मी दुसऱ्या बाजूने गेलो. छोट्या प्रोग्रॅममध्ये पहिली हाक मारण्याआधी एक ओळ घातली: चाळीस सेकंद थांब. तीन दिवसांच्या शोधाचे फळ एवढेच, एक ओळ, आणि तीही काहीही न करण्याची.

जूनमध्ये शाळा उघडली. बाईंनी आठवीच्या जादा तुकडीला दुसरी खोली शोधली. भारनियमनाने वीज जाऊन आली की अठराही संगणक एकदम उठत. आत डिस्कच नसल्याने वीज गेली म्हणून त्यांचे काही बिघडत नसे, सर्व्हरपुरती बॅटरी होती. भिंतीकडचे आधी चालू होत. खिडकीकडची मुले स्विचभोवती गोळा होत आणि पिवळा दिवा हिरवा होईपर्यंत मोठ्याने आकडे मोजत.